विश्वनाथच्या वाटच्या कुंड्या

सक्करदरा, नागपूर
२१ ऑगस्ट १९७९

प्रिय विश्वनाथ,

लोखंडी अँगलच्या चौकटीच्या चार काचटाक्या, त्यांच्या सांध्यांत भरलेली, खडू जवसाच्या तेलात मळून केलेली लांबी, सिमेंटच्या दहा उथळ कुंड्या, वरचा बांबूचा मांडव, आणि खसाच्या टट्ट्यांचा तो कूलर, ज्याचं पाणी उन्हाळाभर थेंब थेंब कुंड्यांतच पडतं: एवढं या अंगणात माझ्या हाताचं आहे. वेल्डिंगसुद्धा कोणाकडून शिकलो नाही. कुंड्यांतलं जे हिरवं आहे त्यात मात्र अर्धा हात तुझा. म्हणून तुझं कार्ड आलं तेव्हा ते हातात धरून मी बसूनच राहिलो. सुभद्रा म्हणाली, "काय लिहिलं जी भाऊजींनी? चहा थंडा करून राहिले तुम्ही." वाचून दाखवलं. पुण्याला मुलाकडे मन लागत नाही, जेवण जात नाही, नीला गेल्यावर कशातच राम नाही, माझ्या वाटच्या कुंड्या विकून टाक नि मोकळा हो. तिने ऐकलं, चहा गरम करायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कुंड्यांचं शेवटी सांगतो. आधी बातमी. अंबुलिया फुलली. हो, तीच पाणवनस्पती, खाप्याला कन्हान नदीच्या काठावरून आपण तुझ्या जेवणाच्या डब्यात आणलेली. एसटीत तू डबा असा मांडीवर धरला होतास की कंडक्टरने विचारलं, देव आहे का आत? आता पाण्याच्या वर आलेल्या शेंड्यांवर नखाएवढी जांभळट फुलं आहेत. पहिल्या वर्षी ती का फुलली नव्हती, आठवतं? पाण्याखाली तिची पानं बडीशेपेच्या पाल्यासारखी बारीक, आणि पाण्यावर येताच रुंद, अखंड. आपण दोघे शहाणे दर रविवारी ती रुंद पानं तण समजून खुडत होतो. तू तर त्या तणाचं नावही पुस्तकात शोधत होतास. शेवटी सुभद्रेजवळ तांदूळ निवडत बसलेल्या नीलावहिनी उठल्या, एक दांडी पाण्यातून अलगद वर उचलली नि म्हणाल्या, "अहो, एकाच दांडीला दोन्ही पानं आहेत. तण कुठलं, तुम्ही तिची मुंडी मोडून राहिले दोघं!" त्यावर तू मला म्हणालास, "रुपराव, आता या बाईले तोंड कसं दाखवायचं गा?" पुढे आपण अंगणात वाकलेले दिसलो की त्या विचारायच्या, आज कोणाची मुंडी? परवा फुलं दिसली तेव्हा मी सवयीने मागे वळून पाहिलं.

शेजारचा वामनराव पुण्याला मुलीकडे निघाला आहे. त्याच्याबरोबर दुधाच्या पावडरीच्या डब्यात, ओल्या गोणपाटात गुंडाळून, एक गड्डा पाठवतो आहे. आपल्या त्या अमेझॉन नावाच्या पाणझाडाचा, तुझ्या कुंडीतला. तो वाढला आहे उघड्यावर, मुळं चिखलात नि पानं वाऱ्यात. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर कुंडीला जागा नाही म्हणतोस, तर पाण्याखाली लाव. चारुशीलेकडे लोणच्याची काचेची मोठी बरणी माग, सून नाही म्हणायची नाही. साबण लावू नकोस. तळाला चार बोटं जाड वाळू, धुतलेली. धुतलेली म्हणजे वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत. तुझं धुणं मला माहीत आहे. गड्ड्याचा माथा वाळूत पुरायचा नाही, कुजतो. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं नाही.

आता पुढचं नीट वाच. थोड्याच दिवसांत त्याची सगळी पानं पिवळी पडतील, बोटाला बुळबुळीत लागतील. तुला वाटेल, मेलं. सगळ्यांनाच वाटतं. माझ्याकडून झाड विकत नेलेले धंतोलीचे एक डॉक्टर तर कुजलेली पानं पिशवीत घालून माझ्या दारात भांडायला आले होते. पण ते मेलेलं नसतं. हवेत फुटलेली पानं पाण्यात टिकत नाहीत, एवढंच. ती जाणार. धरून ठेवू नकोस, एकेक कात्रीने काढ. मुळं बोटाने हलकेच चाचपून पाहा, घट्ट लागली तर थांब. मग मधून एक पान येईल, अरुंद, पातळ. जुन्यांशी त्याचा काही मेळ नसेल, पण झाड तेच. त्या पानाची रुंदी मला कळव. पट्टी लावून, अंदाजाने नको. मी तुला उपदेश करत नाही, तेवढं माझं शिक्षणही नाही. मला झाडाचं कळतं, ते सांगतो.

आणि पाण्यात नाहीच रमलं, तर उलटही होतं. पाणी थोडं थोडं उतरवत न्यायचं, वर काच झाकून ओल धरायची, घाई करायची नाही. झाड पुन्हा उघड्यावर येतं. तसं वाटलं तर एक ओळ लिही. न्यायला मी येईन, तू एकटा गाडीत बसू नकोस. सुभद्रेने बाहेरची खोली झाडून ठेवली आहे, मी सांगितलं नव्हतं.

आता तुझ्या कार्डाचं उत्तर. गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. कार्ड आलं त्याच आठवड्यात इतवारीतला माशांच्या टाक्यांचा दुकानदार कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आला. त्याने एकेक कुंडी बसून पाहिली, पानं उलटी करून पाहिली. माणूस जाणकार होता. तुझ्या पाचही कुंड्या आजच उचलतो म्हणाला, रोख. सुभद्रा दारात उभी होती. मी म्हटलं, यांचा मालक बाहेरगावी आहे. तो म्हणाला, मग त्याला आकडा तरी कळवा, त्याला ठरवू द्या. ते त्याचं बरोबर होतं, म्हणून हे पत्र. ठरवलं मात्र मीच, आणि तुला न विचारता त्याला नाही म्हणून सांगितलं. अठराशे रुपये देत होता.

तुझाच,
रुपराव