पाचवी गोष्ट सोडून

३ जून
आज सकाळी आंघोळ, प्रार्थना आटोपून लेकीचं पुस्तक उघडलं. तिने लिहिलेल्या विज्ञानकथा. शाळेच्या प्रयोगशाळेत मी इतकी वर्षं काचेच्या नळ्या धुतो, त्यामुळे विषय घरचाच. संकल्प: आठवड्यात पुस्तक संपवून अभिप्राय देणे. बाप म्हणून नव्हे, जाणकार म्हणून.
पहिली गोष्ट छान. दुसरी कळली नाही, म्हणजे तीही छानच असावी. स्वयंपाकघरात मोठ्यानं तसं म्हटलं.
फ्रिज म्हणाला, "हं."

५ जून
फ्रिजबद्दल लिहून ठेवतो, गैरसमज नको. मोटर बंद होताना आतून हुंकार येतो. बायको असाच द्यायची. मी काहीही सांगितलं की पाठमोरीच, "हं." ती गेली आणि त्यानंतर केव्हातरी हा आवाज सुरू झाला. योगायोग. मी अंधश्रद्धाळू नाही. देवाला मानणं वेगळं.
दूध पुन्हा नासलं. मेकॅनिक म्हणतो, काका, याच्यात आता जीव नाही. त्याला काय कळतंय.

९ जून
लेकीचा फोन. म्हटलं, भाषा बरी आहे, विज्ञान जरा कच्चं. पाचवी वाचलीत का, तिने विचारलं. म्हटलं, चष्म्याचा नंबर बदललाय. मग चौथीपर्यंत कसं दिसलं, म्हणाली. जीभ आईची.
पाचवीचं पहिलं वाक्य तेवढं पाहिलंय. 'आई गेल्यावर बाबा फ्रिजशी बोलू लागले.'
यंत्र उत्तर देतं हे शास्त्राला धरून नाही. म्हणून ती सोडून सहावी घेतली. सहावीत लक्ष लागलं नाही. घर फार शांत होतं. उठून फ्रिजजवळ उभा राहिलो. पाणी प्यायला.

१४ जून
कालची भाजी खाऊन आडवा झालो. दोष भाजीचा. लेक औषध घेऊन आली. फ्रिज उघडून वास घेतला, बंद केला. रागावेल वाटलं होतं. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.
"बाबा, इथे आले की मीही वाट बघते."
कशाची, ते विचारलं नाही. बऱ्याच वेळाने "हं" आला. तिने डोळे पुसले. कांद्यामुळे असेल, म्हटलं. कांदा कुणी चिरला नव्हता.
जाताना म्हणाली, "आईने हे दूध कधीच ओतून दिलं असतं."

१५ जून
पाचवी वाचली. शेवटी बाप जुन्या फ्रिजला जिन्यापर्यंत पोचवायला जातो. अतिशयोक्ती. असं कोणी करत नाही.

१८ जून
नवा फ्रिज आला. जुना दोन हमालांनी उतरवला. मी जिन्यापर्यंत गेलो, ते केवळ भिंतीचा रंग खरवडला जाऊ नये म्हणून. वळणावर म्हणालो, "सावकाश, तिला लागेल."
खालचा हमाल म्हणाला, "काका, फ्रिज तो असतो."
नवा अगदी मुका आहे. दार उघडून विचारलं, बरं केलं ना? थोड्या वेळाने टीं टीं करू लागला. दार लावलं.
मग लेकीला फोन करून अभिप्राय दिला. पाचवीत विज्ञानाची एकही चूक नाही.