बॅलन्स रॉड आणि धानाचं पोतं

मंगळवार, दिवेलागण

काय ही जावयाची अक्कल! चिखल्याहून आला तो डिक्कीत धानाचं पोतं घालून. जुनी गाडी वळणावर कलते, खालून खडखडते, त्यावर हा इलाज! म्हणे, "मामाजी, वजन टाकलं का गाडी बसते."

"जवाईबापू, गाडी हाय का बैलाची बंडी?"

नुसता हसला. दिवस भरलेल्या माझ्या लेकीला उद्या याच गाडीनं दवाखान्यात नेणार होता!

पोतं उतरवून खाली शिरून पाहिलं. दोन्ही चाकांना सांधून गाडी कलू न देणारा बॅलन्स रॉड रबरांपाशी झिजून पार बारीक झालेला. पोत्यानं तो जाड होणार होता काय? माझ्या गॅरेजातला नवा काढून दुपारभर खपून बसवला. कारध्याच्या पुलावरून फिरवून आणली. कलणं नाही, खडखड नाही. तरी हा पोतं परत चढवून राहिला!

मी उतरवून घेतलं. धान कांडून बाळंतिणीच्या पेजेला होईल. याची अक्कल कशाच्या कामी येईल?