वीस पावलांचा पट्टा

१२ जून

काल कुठवर आलो होतो, सांग पाहू! – नाही ना आठवत? कागदा, कुणी लिहिल्याशिवाय तुला स्वतःचं म्हणून काही आठवत नाही, आणि विसरभोळी म्हणे मी! मला अक्षर येत नाही, नात लिहिते. पण डोकं जागेवर आहे.

मुलाचं सांगत होते. पायलट. आधी टपालाचं विमान चालवलं. मग बदकं पाळली – विमानाच्या घरघरीनं त्यांनी अंडी द्यायचंच सोडलं. मग अळिंबी लावली, तिला बुरशी लागली. बुरशीला बुरशी! (लिही गं, हसू नकोस.) शेवटी शेतांवर विमानानं औषध फवारायचं काम धरलं. एकवीस वर्षं झाली. तो वर, मी खाली. शेताच्या कडेला मी पांढरा झेंडा घेऊन उभी. तो झेंड्याचा नेम धरून येतो, मी वीस पावलं सरकते, तो पुढचा पट्टा मारतो.

१५ जून

सूर्यफूलवाला आला. हातात करपलेली पानं. "पट्टे एकमेकांवर चढलेत. एकाच जागी दोनदा औषध पडलंय."

मुलगा जेवला नाही. "आई, माझे डोळे गेले. पुढच्या आठवड्यात परवान्याची तपासणी आहे. नापास होऊन उतरण्यापेक्षा आधीच विमान विकतो."

१६ जून

नातीला घेऊन मागच्या मोकळ्या जागेत गेले. वीस पावलं चालले, तिनं दोरी लावली. काम धरलं तेव्हा मुलानंच त्या दोरीला वीस पावलांची गाठ मारली होती. गाठीपर्यंत पोचलेच नाही – चांगले पाच हात कमी! पावलं वीसच, चालणारी आटली.

"आजी, हेही लिहू?"

लिही. आणि कुणाकडे बोलू नकोस.

१७ जून

सांगितलं नाही. सांगितलं की झेंडा गेला.

१८ जून

विमानाला गिऱ्हाईक आलं. चाकाला टिचक्या मारून बघत होतं – जसं काही कलिंगडच घ्यायचंय! मला राहवेना. म्हटलं, "अरे, दोष तुझ्या डोळ्यांचा नाही, माझ्या पायांचा आहे."

"आई, मला सावरायला काहीही सांगू नकोस."

दोरी त्याच्या हातात दिली आणि चालून दाखवलं. त्यानं मोजलं. पुन्हा मोजलं. मग इतका हसला की गिऱ्हाईक बिचकून निघून गेलं.

झेंडा आता सूनबाईकडे. तिची एक ढांग म्हणजे माझी दोन. बाई फार मिरवते.

२३ जून

तपासणी झाली. डावा डोळा खरंच अधू आहे. परवाना गेला. माझे पायही खरे, त्याचे डोळेही खरे.

येताना गाडीत म्हणाला, "आई, मधमाश्या पाळू या का?"

उद्या आम्ही दोघं पेट्या बघायला जातोय. सूनबाईला सांग, डब्यात उकडलेली अंडी दे, बटाटे दे. गोड काही नको – पहिल्याच दिवशी माश्यांशी एवढी सलगी कशाला!