घटनास्थळ हलवू नये

५ जुलै, शनिवार. सकाळी

काल संध्याकाळच्या वाऱ्यात मागच्या कडुनिंबाची फांदी आईच्या खोलीवर पडली. छपराचं टिन दबलं. आई आत होती, तिला काही झालं नाही. झाड उन्हाळ्यापासून खोलीकडे कललं आहे हे मी केव्हाच हेरलं होतं. मी विम्याच्या ऑफिसात क्लेमचं काम बघतो, माझी नजर तयार आहे.

निर्णय: रीतसर परवानगी काढून झाड पाडायचं. पोळ्याच्या आत काम फत्ते. रोजची नोंद इथे करणार, म्हणजे पुढे कुणी काही म्हणायला नको.

हर्षा म्हणते, आधी आईंची खाट हॉलमध्ये आणा, मग काय ते अर्ज करा. बायकोला क्लेम कळत नाही, त्यात तिचा दोष नाही. आमच्या धंद्यात पहिला नियम: घटनास्थळ हलवू नये. माणूस हलवला की धोका कुठे आहे असं विचारतात. इतकी वर्षं मी स्वतः विचारत आलो. शिवाय बाबांनी ती सागवानी खाट खोलीतच सुताराकडून करून घेतली होती, ती दारातून निघतच नाही. आईला विचारलं. तू म्हणशील तसं, म्हणाली. म्हणजे तिची संमती आहे.

७ जुलै, सोमवार

महापालिकेत अर्ज दिला. भाषा फार उत्तम जमली. 'सदर वृक्षाखालील खोलीत माझी वृद्ध आई श्रीमती पंचफुलाबाई या रात्रंदिवस वास्तव्यास असून त्यांच्या जिवास धोका आहे.' सगळा अर्ज या एका वाक्यावर उभा आहे.

सोबत फोटो. आईला खाटेवर बसवून वर बघायला सांगितलं. थोडी घाबरल्यासारखी दिस म्हटलं तर तिला हसूच येत राहिलं. शेवटी डोळ्यांत कचरा गेला तेव्हा चांगला फोटो मिळाला.

९ जुलै, बुधवार

एक झाड तोडलं की त्या जागी दुसरं लावावं लागतं. आपण कायद्याच्या एक पाऊल पुढे. नर्सरीतून संत्र्याचं कलम आणलं. निंबाखालीच ठेवलं, जागेची सवय व्हावी म्हणून. साहेब पाहणीला आले की आधी हेच दाखवायचं. आईनं विचारलं, याले पाणी कोण घालन. मी. रोज सकाळी, चहाच्या आधी.

१३ जुलै, रविवार

निंबाच्या मुळाशी, खोलीच्या उलट बाजूला, जमीन फाटली आहे. बोट सहज जातं. आपल्या केसला बळकटी आली. फोटो काढले.

ढोलीतले पोपट दिसत नाहीत. हर्षा म्हणते, परवापासून एकही परतला नाही, पाखरांना आधी कळतं. पोपट आपली जागा बदलत असतात, मी सांगितलं. याला फार अर्थ नसतो. पण अंगणात एकदम सामसूम वाटते हे खरं.

कलमाला पाणी: उद्यापासून.

१७ जुलै, गुरुवार

साहेब आले! वेळेवर आले, सभ्य माणूस. आईला सकाळपासून खोलीतच बसवलं होतं. तिला शेजारी हळद कांडायला जायचं होतं, मी जाऊ दिलं नाही.

साहेबांनी खोडावर दगड वाजवून पाहिला. आवाज पोकळ आला. आतून आई बोलली की आमच्या कुही गावच्या घरी धान संपलं की कोठी अशीच वाजे. साहेबांनी फाटलेली जमीन पाहिली आणि लगेच दोन पावलं मागे झाले. म्हणाले, झाड धोक्याचंच आहे. खोडावर नोटीस लावली. मुदतीत कुणाची हरकत आली नाही तर पुढचं लवकर होईल. तोवर ही खोली रिकामी करा, आजच करा.

हर्षा माझ्याकडे पाहत राहिली. मी तिला नंतर समजावलं की अधिकाऱ्याला तसं म्हणावंच लागतं, मीही क्लेमवाल्यांना म्हणतो. हरकत कोण घेणार? झाड माझं, अंगण माझं, आई माझी.

कलम दाखवायचं राहून गेलं.

१९ जुलै, शनिवार

अंगणाची मागची भिंत पडली. मुळांनी ढकलली असावी. आता गल्लीतून थेट निंबापर्यंत वाट झाली आहे. एका बकरीनं नोटिशीचा कोपरा खाल्ला. गल्लीतले दोन गृहस्थ निंबाच्या बुंध्याशी उभे राहून जे करत होते ते लिहिण्यासारखं नाही. नोटीस फाटली की मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजतील. काहीतरी करायला हवं.

२० जुलै, रविवार

सुचलं! पडलेल्या भिंतीतला एक गोल दगड घेतला, शेंदूर फासला, नोटिशीच्या खाली बुंध्याशी ठेवला. दिवसभर एकही माणूस तिथे उभा राहिला नाही. गृहस्थ आले, पाहिलं, हात जोडून पुढे गेले. डोकं लागतं.

आईनं विचारलं, कोणता देव हाय हा? मी म्हटलं देव नाही, व्यवस्था आहे. ती म्हणाली, देवाले असं कामाले लावू नये बापा. जुनी माणसं.

२५ जुलै, शुक्रवार

दगडापुढे कुणीतरी नारळ फोडून गेलं. हरकत नाही. नोटीस सुरक्षित आहे.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

हे माझ्या लक्षातच नव्हतं.

सकाळी उठून पाहतो तर निंबाखाली बायकांची रांग. कुणाला म्हणे ढोलीत शेपूट दिसलं. झालं, दगड नागोबाचा ठरला. दूध, लाह्या, हळद, सगळं ढोलीत. चंपतराव सगळ्यांना रांगेनं सोडून राहिले होते. हे मागच्या गल्लीत राहतात, रिटायर झाल्यापासून रिकामे आहेत. साहेबांच्या सहीवर कुणीतरी कुंकू लावलं.

दूध आणि पाणी मुळाशी जाऊन माती लोण्यासारखी झाली आहे. दहाच्या सुमाराला खोडातून कर्र असा लांब आवाज आला. मी ओरडलो, बाजूला व्हा. बायकांनी डोळे मिटून हात जोडले. चंपतराव म्हणाले, नागोबा बोलला. मग आणखी गर्दी झाली.

आई खिडकीतून बघत होती. तिनं हात जोडले नाहीत.

१ ऑगस्ट, शुक्रवार

हरकत आली. शेवटच्या दिवशी. 'समस्त भाविक गल्लीवासी', पहिली सही चंपतरावांची. आमच्या दूधवाल्याचीही आहे. त्याचं कारण मला कळतं, नागपंचमीला त्याचं सगळं दूध खपलं. आता सुनावणी होणार. काही बिघडत नाही. खरी बाजू आपली आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार

हर्षा माझ्याशी बोलत नाही. काल तिनं आईचं अंथरूण उचलून हॉलमध्ये दिवाणावर घातलं. मी शांतपणे समजावलं. सुनावणीच्या आधी कुणी अचानक पाहायला आलं आणि आई हॉलमध्ये टीव्ही बघताना सापडली, तर अर्जातलं मुख्य वाक्यच खोटं पडेल. मग झाड कधीच पडणार नाही आणि आई कायमची धोक्यात. म्हणजे तिला तिथे ठेवतो ते तिच्याच भल्यासाठी. हे बोलताना मलाच छान पटत गेलं.

हर्षा म्हणाली, तुम्हाले आई पाहिजे का अर्ज? उत्तर द्यायच्या आत आईनं आपली उशी काखेत घेतली आणि मागच्या खोलीत निघून गेली. भांडू नका गा, म्हणाली, माहा काय जाते तिथं झोपाले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आईच्या खोलीचं दार लागत नाही. उंबरा एका बाजूनं वर आला आहे. एक जाड फांदी टिनावर टेकली आहे आणि वारा आला की घासते. मी दुपारी आईच्या खाटेवर पडून पाहिलं, किती आवाज येतो ते नोंदवायला. थोड्या वेळानं उठून हॉलमध्ये आलो. डास होते.

आई सांगते, झाड दिवसभर कुरकुरते, मग मीबी त्याच्याशी बोलतो. काय बोलते विचारलं. म्हणे, माह्या पोराचं काम होऊ दे मंग पड.

कलमाला नवी पालवी. मी पाणी घालायला सुरुवात करणारच होतो. आई घालते वाटतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

सुनावणी झाली. मी फाइल घेऊन, इस्त्रीचा शर्ट. फोटो दाखवले. अधिकारी माझ्या बाजूचे वाटले. मग त्यांनी विचारलं, हा देव तिथे केव्हापासून आहे, कुणी बसवला?

सत्य सांगायची ही वेळ होती, हे मान्य. पण आपणच देव बसवायचा आणि आपणच झाड तोडायला मागायचं, हे फाइलीत चांगलं दिसत नाही. माझी विश्वासार्हता गेली की सगळा अर्ज गेला. चंपतराव म्हणाले, स्वयंभू आहे. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, असावा.

मग ते म्हणाले, देव असेल तर लोकांशी बोलून आधी तो विधीनं दुसरीकडे न्या, दोन्ही बाजूंनी तसं लिहून द्या, झाडाचा आदेश लगेच देतो. खोली रिकामी केली ना, असंही विचारलं. मी हो म्हणालो. म्हणजे मनानं मी केलीच आहे, फक्त आदेशाची वाट.

बाहेर चंपतरावांनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, सुशीलभाऊ, तुम्ही देवमाणूस आहात. बैठक २५ तारखेला ठरली. एका आठवड्याचा तर प्रश्न आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

पोळ्याच्या आत काम फत्ते, असं मी लिहिलं होतं. बैठक सोमवारी आहे, म्हणजे जवळपास झालंच.

जमिनीची फट आता हात जाईल एवढी. आज फोटो काढला नाही. का कोण जाणे, वाकायला धजलो नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार. सकाळी

आज मारबत, म्हणजे इडापिडा नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. इतवारीत जाऊन येतो, दरवर्षी जातो. पिवळ्या मारबतीला सांगणार, इडापिडेबरोबर हे झाडही घेऊन जा. ढग आहेत, वारा सुटला आहे. चंपतरावांची माणसं बैठकीआधी जागा बघायला येतील म्हणत होती. आईला सांगून निघतो, मी येईपर्यंत खोलीतून हलू नको. ती बरं म्हणाली.

२४ ऑगस्ट, रविवार

झाड पडलं.

मी गर्दीत ओरडत होतो तेव्हाच पडलं. फोन ऐकू आला नाही. घरी आलो तर गल्ली माणसांनी भरलेली आणि खोलीच्या जागी नुसता पाला. मी आईला हाक मारली. फांद्या ओढायला लागलो. काय ओरडत होतो ते आठवत नाही, हर्षा सांगते मी अर्जातलंच वाक्य ओरडत होतो, माझी वृद्ध आई, माझी वृद्ध आई.

आई स्वयंपाकघरात होती. संत्र्याचं कलम मांडीवर घेऊन बसली होती. वाऱ्यानं ते आडवं झालं, म्हणून उचलून आत आणायला उठली. तेवढ्यात मागे आवाज झाला. काहून उठली म्हणून विचारलं, तर घाबरून म्हणाली, हे मोडलं असतं तर साहेबाले काय दाखवलं असतं तू? मी फक्त याच्यासाठी उठलो, लगेच जाणार होतो परत.

मला रडू आलं. सगळ्या गल्लीसमोर आलं. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं. तिच्या हाताला मातीचा वास होता.

दगड शाबूत आहे. नागोबानं म्हातारीला उठवलं, असं सगळी गल्ली म्हणते. चंपतराव त्याच जागी ओटा बांधायचं म्हणत आहेत. तो दगड माझ्या भिंतीतला आहे हे मी आज सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, भाऊ, तुम्हाले धक्का बसला आहे, पडा थोडं.

दुपारी खाट काढली. मधोमध मोडली आहे. दारातून सहज निघाली.

आईचं अंथरूण दिवाणावर घातलं. ती नुसती काठावर टेकली. मग हळूच विचारलं, इथं झोपली तर चालते ना गा तुह्या अर्जाले?

मी म्हटलं, चालतं. तिनं खात्री करायला हर्षाकडे पाहिलं, आणि हर्षानं मान हलवल्यावर झोपली.