हीटरचे दोन पाईप

॥ श्री ॥
खंडेराव गेट, झाशी
१० मे १९७८

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

काल मंगळवार, अनुसूयेच्या गळ्यातल्या गाठीला विजेचा शेक द्यायचा दिवस. ग्वाल्हेरला पोचलोच नाही. रेल्वेची गर्दी तिला आता झेपत नाही, म्हणून आपल्या अप्पांची जुनी ऑस्टिन मोटार काढतो. पण हीटरची तोटी बंदच होईना, या उन्हात तिच्या पायांवर नुसत्या झळा! रविवारी हीटरच काढून टाकला. त्याचे पाण्याचे दोन पाईप उरले, त्यांच्या तोंडांत लाकडी गुट्ट्या ठोकल्या. लोको शेडमध्ये नको असलेला पाईप आम्ही असाच बंद करतो. दतियाच्या अलीकडे पाणी उकळलं आणि एक गुट्टी बंदुकीच्या गोळीसारखी उडाली.

अजून तीन शेक राहिलेत. खंड पडला तर आधीचे वाया जातील, असं डॉक्टर म्हणाले. दादा, माझं डोकं चालेनासं झालंय. तुम्ही जन्मभर मोटारी दुरुस्त केल्यात, काय करू ते उलट टपाली कळवा.

लोभ आहेच, या अडचणीत तो दुप्पट करावा.
आपला,
विद्याधर

नागपूर
१३ मे १९७८

चि. विद्याधरास अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, मोटार म्हणजे तुमचं आगगाडीचं इंजिन नव्हे. या मोटारीत इंजिन तापेपर्यंत पाणी हीटरच्या वाटेनेच फिरतं. ती वाट तू दोन्हीकडून बुजवलीस, मग पाणी जागच्या जागी उकळेल नाहीतर काय? गुट्ट्या काढ. दोन्ही तोंडं एकाच रबरी नळीने एकमेकांना जोड, नळी दुमडू देऊ नकोस, क्लिपा नीट आवळ. अर्ध्या तासाचं काम आहे. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलंस तर कान उपटीन.

अनुसूयेला धीर दे, स्वतःही धर.
तुझा,
श्रीकृष्णदादा

झाशी
१७ मे १९७८

ती. भावजींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र सोमवारी आलं तेव्हा हे शेडवर होते. मी वाचलं आणि पापडांच्या डब्यात लपवून ठेवलं.

मला ग्वाल्हेर नको, भावजी. शेकापायी पाण्याचा घोटसुद्धा उतरत नाही. गाठ तरीही वाढतेच आहे, हे डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला सांगितलं. मोटार बिघडलेलीच राहिली तर मला ह्यांना नाही म्हणावं लागणार नाही, असं वाटलं. पण ह्यांनी आणखी जाड गुट्ट्या ठोकल्या आणि काल मला घेऊन निघालेच. दतियाजवळ पुन्हा तेच झालं. उकळतं पाणी ह्यांच्या मनगटावर आलं. रस्त्याच्या कडेला बसून हे रडले. सव्वीस वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. माझ्यामुळे भाजले हो.

मोटार आता दुरुस्त होणार नाही, असं तुम्हीच लिहा. तुमचं ते ऐकतील.

लेकीवर करावी तशी माया असू द्यावी.
सौ. अनुसूया

नागपूर
२० मे १९७८

चि. सौ. अनुसूयेस आशीर्वाद.

काल तुझं पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. रागवायला बसलो, तर तेही जमेना. पण पोरी, खोटं मी लिहिणार नाही. पाईप जोडायची रीत पुन्हा लिहून आजच त्याच्या शेडच्या पत्त्यावर पाठवली आहे. पापडांच्या डब्याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

मंगळवारी मोटार दारात उभी राहील. जायचं नसेल तर त्याला स्वतः सांग. त्याच्याने ऐकवणार नाही, तरी सांग.

माझी माया तू काहीही ठरवलंस तरी तशीच आहे.
श्रीकृष्ण

झाशी
२४ मे १९७८

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

नळी जोडली. काल मोटार एकदाही तापली नाही. दतिया मागे पडल्यावर अनुसूयेने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सगळं सांगितलं, लपवलेल्या पत्रासकट. मी भांडलो, हात जोडले. राहिलेले दिवस घरात काढू द्या, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शेवटी मी गाडी परत वळवली.

येताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. इंजिन इतकं सुरेख चाललं होतं, दादा, आणि मी सबंध रस्ता देवाला विनवत होतो की पाईप फुटू दे, गाडी इथेच बंद पडू दे, घर येऊ नये.

लोभ आता पत्राने नको, स्वतः या.
विद्याधर