आत्याचा मान

मुलुंड, ७ नोव्हेंबर १९५५

लाडक्या मार्तंडा,

"ताई, बारशाला ये, पण नाव क्षमाची बहीण ठेवील," असं तू लिहिलंस. माझा डावा गाल आणि ओठ आखडलेत, म्हणून तुम्ही नवरा-बायकोने सरळ महारोगच ठरवलात.

डॉक्टरांनी त्या गालाला टाचणी टोचली, तेव्हा मी "आई गं!" ओरडले. ते हसले, "बाई, एवढं दुखतंय ना? मग हा महारोग नव्हे." कातडीचा तुकडा तपासूनही तेच म्हणाले. तेवढ्या जागची कातडी कडक होते, हा आजार कुणाला लागत नाही.

रोज दातांत लाकडी पट्ट्या धरून मी तोंड ताणते. जूनमध्ये चार मावत, आता सात मावतात.

आईमागे याच तोंडाने गाऊन तुला झोपवलं रे! लग्नानंतर चौदा वर्षांनी तुझ्या घरी पाळणा हलतोय, आणि आत्याने कोपऱ्यात बसायचं?

हे पत्र मी टाकणार नाही. मला तुझी परवानगी नकोय. रविवारी लेकीच्या कानात "कुर्र" मीच करणार. मग रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे पडू देत. पहिला क्षमाने घालायचा, हात न आखडता.

तुझ्या लेकीची एकुलती आत्या,
पद्मजा