पारोसा घास

ठाणे, ता. ९ जानेवारी १९५५

ती. सौ. आईस,
सरोजचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

हरिहरदादा डबा देऊन गेला. दशम्या, मेतकूट, गूळपोळ्या, सगळं पोचलं. पहाटे ड्यूटीवर जाताना त्यातलं काय खातेस, असं तू दरवेळी विचारतेस आणि मी दरवेळी उत्तर टाळते. आज खरं लिहिते. काहीच खात नाही गं. तुझे डबे दुपारी उघडतात, तेही माझ्यापेक्षा जास्त खोलीतल्या मुलीच खातात.

नर्सिंगला येताना मी अण्णांना शब्द दिलाय ना, आंघोळ केल्याशिवाय तोंडात काही घालणार नाही म्हणून. तेवढ्या एका अटीवर त्यांनी अर्जावर सही केली. इथे वॉर्डात सहाला उभं राहावं लागतं आणि नळाला पाणी येतं त्याच्यानंतर. आदल्या दिवशी बादली भरून ठेवावी, तर रात्रभर मोरीला कुलूप. दुपारी सुटले की आंघोळ, मग जेवण. तोवर पेशंटांना पेज भरवायची आणि आपण नुसता वास घ्यायचा.

माझ्या खोलीत तुळसा आहे, कोलशेतच्या मिठागरवाल्यांची. ती पहाटे उभ्या उभ्या तांदळाची भाकरी गुळाबरोबर खाते आणि मला हसते. तुमच्या देवाला भुकेचं काय कळत नाय काय गं, असं विचारते. मी तिला काय सांगणार? परवा बेडपॅन नेताना भोवळ येऊन पडले. मेट्रनबाईंनी बजावलं की पुन्हा पडलीस तर नाव कमी करून घरी पाठवीन. काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण मलाच काळजी वाटते.

अण्णांना सांगू नकोस. नाहीतरी मी म्हणतच होतो, असं म्हणून मोकळे होतील.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी सरू


डोंबिवली, ता. १२ जानेवारी १९५५

चि. सरोज हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि परातीतली कणीक तशीच वाळून गेली. अगं, इतके महिने मुकाट्यानं उपाशी राहिलीस! आणि मी वेडी इथे मेतकूट कुटत बसलेय. तू पडलीस तेव्हा मी बहुधा शेजारच्या चित्राबरोबर वाळवणाच्या गप्पा मारत असेन. जीव नुसता खालीवर होतोय.

मी एक युक्ती काढलीय. औषधाला पारोसं नसतं. अण्णा स्वतः आंघोळीआधी मधातून सितोपलादी चूर्ण चाटतात, ते चालतं ना? मग डिंकाचे लाडू पाठवतेय, ते औषध म्हणून खा. सोबत सातूचं पीठ आहे. गूळ घालून पाण्यात कालवलं की झालं, चूल नको की काही नको. तेही औषधच समज.

त्यांच्यापुढे विषय काढायला दोनदा गेले. एकदा वांग्यांचा भाव सांगून परत आले आणि एकदा नुसतीच परत आले. एवढा संसार झाला, पण या माणसापुढे माझी जीभ उचलत नाही. तुझ्या बापानं कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

लाडू खा. मला माझी शपथ घालावीशी वाटतेय, पण शपथांनीच तुझी ही गत केलीय, म्हणून घालत नाही.

अनेक आशीर्वाद.
तुझी आई


ठाणे, ता. २१ जानेवारी १९५५

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

लाडू हातात घेतला होता. पण इतकं खमंग औषध कुठल्या वैद्याकडे मिळतं गं? शब्द अण्णांना दिलाय. त्यांना न विचारता पळवाट काढायची म्हणजे चोरीच. औषध तुळसाने घेतलं. ती ठणठणीत आहे.

हे मंगळवारपर्यंतचं. बुधवारी सकाळी एका बाळंतिणीचं मूल पुसायला माझ्याकडे दिलं होतं. डोळ्यांपुढे अंधारी आली. मूल हातात आहे एवढं कळत होतं, हात कुठे आहेत ते कळेना. तुळसाने झडप घालून धरलं म्हणून वाचलं. मग तिने मला कपाटामागे बसवलं आणि पदरातला भाकरीचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला. मी गिळला. पारोशी. दुसरा तर मी स्वतः मागून घेतला.

मेट्रनबाईंना कुणी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी रोज सकाळी खाते. आता अण्णांना सगळं सांग, मला लपवायचं नाही. ये म्हणाले तर ट्रंक घेऊन येईन, वाद घालणार नाही. पण इथे असेतो उपाशीपोटी कुणाचं मूल हातात घेणार नाही.

रागावलीस तरी पत्र पाठव.
सरू


डोंबिवली, ता. २५ जानेवारी १९५५

चि. सरूस अनेक आशीर्वाद.

मला काही बोलता येईना, म्हणून पत्रच त्यांच्यापुढे ठेवलं. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. काय लिहू, असं विचारलं तर उठून जास्वंदीला पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं. मी दारात उभी राहून बघत राहिले.

आज सकाळी आंघोळीआधीच स्वयंपाकघरात आले आणि पाट ओढून बसले. दशमी वाढ म्हणाले. मला वाटलं, विसरले. म्हटलं, अहो, पाणी तापलंय. माहीत आहे, तू वाढ, म्हणाले. बापानंच नेम मोडला म्हणजे पोरीचा शब्द आपोआप सुटतो, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यात ज्यांनी आंघोळीआधी चूळ आणि औषध सोडून काही तोंडात घेतलं नाही, त्यांनी घास घेतला.

सरू, तो घास त्यांना गिळेना गं. चावून चावून डोळ्यांत पाणी आलं. मी गूळ दिला, दूध दिलं. शेवटी मोरीत जाऊन थुंकून आले. परत बसले, परत तेच. मग पाटावर तसेच बसून राहिले. जन्माची सवय आहे, माझ्याच्यानं होत नाही, म्हणाले. तुपाची वाटी हातात घेऊन मी नुसती उभी.

पंचा घेऊन निघाले ते दारात थांबले. म्हणाले, तिला लिही, मला जमलं नाही. तिला जमतंय, तर तिनं खावं. यायचं काही कारण नाही. आणि त्या कोलशेतच्या मुलीला म्हणावं, आमच्या सरूला दुसरा तुकडा मागायला लावू नकोस.

सकाळचं पोटभर खाऊन मग उत्तर लिही.
तुझी आई